रात्रीचं रीडिंग रात्रीच घेणारी माणसं : पाईल लोड टेस्टच्या सेवेबद्दल

पाईल म्हणजे पुलाच्या पायासाठी जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब, आणि पाईल लोड टेस्ट म्हणजे त्यावर भार टाकून तो किती खचतो ते मोजणं. ही टेस्ट करून देणाऱ्या या एजन्सीला मी पाचपैकी चार देते. एक गुण का कापला ते पुढे येईलच. पण पुलाचं काम हातात असेल आणि टेस्ट नुसती कागदावर नको, खरोखर व्हायला हवी असेल, तर यांना बोलवा. सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात ही सेवा घेणारे थोडे आणि त्यातले बहुतेक फोनवर दर विचारून ऑर्डर देऊन टाकतात.

मी सांगलीची. वालचंद कॉलेजला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि आता एका कंत्राटदाराकडे क्वालिटीचं काम बघते. आमचं काम मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका पुलाचं. पाईल १००० मिमी व्यासाचे, सरासरी १९ मीटर खोल. वर काळी माती, तिच्याखाली नदीनं आणून टाकलेला गाळ आणि बारीक वाळू, मग मुरूम आणि शेवटी कातळ, तोही आधी मऊ आणि मग कठीण. पाईलचं टोक कठीण कातळात सॉकेट केलेलं, म्हणजे कातळ खोदून आत रोवलेलं. एका पाईलवर डिझाइनचा भार ३५० टन. एवढा भार खालचा कातळ आणि बाजूची माती मिळून खरंच पेलतात का, हे पाहायचं होतं.

याआधीचा माझा अनुभव सातारा जिल्ह्यातल्या एका कामावरचा. ती एजन्सी वेगळी, तिचं नाव घेत नाही. तिथं २४ तासांचा होल्ड होता, म्हणजे पूर्ण भार तेवढा वेळ धरून ठेवून गेजवर पाईलचं खचणं मोजत राहायचं. रात्री साडेबाराला मी साईटवर गेले तर जनरेटर बंद, गेजपाशी कुणी नाही, कामगार टारपोलिनखाली झोपलेले. सकाळी मात्र शीट भरलेलं होतं. दर तासाला बरोबर ०.०१ मिमीची वाढ, सगळं एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेलं. मी त्यावर सही केली नाही आणि त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली. पाईल चांगलाच असेल, मला शंका पाईलची नव्हती. पण त्या रात्री पाईलनं काय केलं हे आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि त्या पाईलवर आज पूल उभा आहे. म्हणून या वेळी एजन्सी ठरवताना दर सर्वात कमी नसला तरी चालेल, असं मी मालकांना स्पष्ट सांगितलं. मालकांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण.

पहिल्या भेटीतच यांच्या इंजिनिअरनं विचारलं, ‘स्कोअर लेव्हल कुठं धरलीय?’ दर सांगायच्या आधी. स्कोअर लेव्हल म्हणजे पुरात नदीचा तळ जिथपर्यंत खरवडला जाईल ती पातळी. नदीतल्या पाईलच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा आणि बहुतेक वेळा तो कुणीच विचारत नाही. पुरात नदी तळ खरवडून नेते. आज पाईलच्या वरच्या भागाला जी माती घट्ट धरून आहे, ती उद्याच्या पुरात तिथं नसेल. आपण टेस्ट करतो ती मात्र उन्हाळी-हिवाळी, पाणी कमी असताना, सगळी माती जागेवर असताना. म्हणजे टेस्टमध्ये त्या मातीचं घर्षणही पाईलला मदत करतं आणि पाईल आहे त्यापेक्षा सशक्त दिसतो. सांगलीच्या माणसाला हे पटवून द्यायला लागू नये. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, आणि २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलेलं आपण डोळ्यांनी बघितलंय. महाडजवळ सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हापासून पूर आला की माझं लक्ष पाण्याच्या पातळीपेक्षा खांबाच्या बुडाकडे जातं.

आमच्या टेंडरमध्ये रूटीन टेस्टचा, म्हणजे पुलाच्याच एखाद्या पाईलवर घ्यायच्या टेस्टचा, भार सरळ दीडपट, म्हणजे ५२५ टन लिहिलेला होता. यांनी तो तसाच घेऊन कोटेशन दिलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण त्यांनी पत्र लिहून सल्लागारांना विचारलं की स्कोअर लेव्हलच्या वरच्या मातीचं घर्षण टेस्ट लोडमध्ये वाढवून धरायचं का. सल्लागारांनी हिशेब केला, ४५ टन निघाले, आणि टेस्ट लोड ५७० टन झाला. त्यामुळं यांचं काम वाढलं आणि आमचा खर्चही. मला तो खर्च योग्य वाटला.

आता केंटलेज. केंटलेज म्हणजे पाईलच्या डोक्यावर गर्डर आणि ब्लॉकचा जो ढीग रचतात तो. जॅक पाईलला खाली दाबतो तेव्हा वर टेकायला काहीतरी वजन लागतं. हे वजन टेस्ट लोडपेक्षा निदान २५ टक्के जास्त हवं, म्हणजे आमच्याकडे ७१२ टन. एक घनमीटरचा काँक्रीट ब्लॉक साधारण २.४ टनांचा, तेव्हा गर्डर धरून जवळजवळ तीनशे ब्लॉकचं वजन. जॅक चालू व्हायच्या आधी ते सगळं दोन्ही बाजूंच्या टेकूंवर असतं, एका टेकूवर साडेतीनशे टनांहून जास्त. आणि टेकू कशावर? आमच्या काळ्या मातीवर. पाऊस पडला की ही माती काय करते ते इथल्या प्रत्येक घरमालकाला भिंतीच्या भेगांवरून माहीत आहे.

यांनी टेकूंखालची काळी माती काढायला लावली, मुरूम भरून रोलर फिरवायला लावला आणि वर लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटचा थर मागितला. आमच्या साईट इन्चार्जना ते जादा वाटलं. ‘चार दिवसांच्या टेस्टसाठी एवढं कशाला?’ असं ते म्हणाले. यांचा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, ‘साहेब, याच्याखाली माझी माणसं बसून रीडिंग घेणार आहेत.’ पुढं वाद झाला नाही. मधेच एक अवकाळी सर येऊन गेली, साईटवर चिखल झाला, टेकू मात्र जागेवरून हलले नाहीत. टेकूंची आतली कड पाईलपासून तीन मीटरवर, म्हणजे व्यासाच्या तिप्पट, हेही त्यांनी टेपनं मोजून मला दाखवलं.

जॅक तीन, एकाच पंपावर जोडलेले. प्रत्येक जॅकच्या रॅमचा व्यास २५० मिमी. ५७० टनांना प्रत्येकी १९० टन, म्हणजे प्रेशर गेजवर साधारण ३८७ किलो प्रति चौरस सेंमी. हा तक्ता त्यांनी आधीच छापून पंपाला चिकटवला होता. कॅलिब्रेशनच्या दाखल्यावरचे नंबर आणि जॅकवर कोरलेले नंबर मी स्वतः जुळवून पाहिले, जुळले. हे प्रत्येकानं करावं. दाखला एका जॅकचा आणि साईटवर दुसराच जॅक, असं मी पाहिलेलं आहे. शिवाय यांनी जॅकवर लोड सेल, म्हणजे भार थेट मोजणारी उपकरणं, बसवली होती. नुसत्या प्रेशर गेजवर भरवसा ठेवला तर जॅकच्या आतल्या घर्षणामुळं भार आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

टेस्ट आयएस २९११ भाग ४ या पाईलच्या भारतीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे. डिझाइन भाराच्या २० टक्क्यांचे, म्हणजे ७० टनांचे टप्पे. प्रत्येक टप्प्यावर निदान एक तास थांबायचं, खचण्याचा वेग तासाला ०.२ मिमीच्या आत आला की पुढं जायचं, नाही आला तर दोन तासांपर्यंत थांबायचं. शेवटचा भार २४ तास धरून ठेवायचा. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाईल हळूहळू बसतो, दिवसरात्रीच्या फरकानं तेल गरम-गार होतं, प्रेशर उतरत राहतं, आणि कुणीतरी सतत पंपापाशी बसून ते जागेवर आणत राहावं लागतं. यांच्याकडे त्यासाठी आठ-आठ तासांच्या पाळ्या होत्या.

रात्रपाळीला त्यांचे जुने टेक्निशियन होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आप्पांचं शिक्षण फारसं नाही, पण गेज कसं वाचावं हे मी त्यांच्याकडून शिकले. पाईलवर चार डायल गेज, ०.०१ मिमीपर्यंत वाचणारे, दोन डेटम बारवर बसवलेले. डेटम बार म्हणजे जी पट्टी हलत नाही असं आपण धरून चालतो. खरं तर तीही हलते. आप्पांनी दोन्ही बार हिरव्या जाळीनं आणि टारपोलिननं झाकून घेतले होते, जवळ तापमापी टांगली होती आणि प्रत्येक रीडिंगसोबत तापमान लिहीत होते.

होल्डच्या सकाळी मी पोचले तर आप्पा गेजपाशी उकिडवे बसलेले. ‘ताई, पाईल नाही हललेला, बार हललाय,’ म्हणाले. पाहिलं तर पूर्वेकडच्या दोन गेजवर पाऊण तासात ०.२८ मिमीची वाढ, पश्चिमेकडच्या दोन्हींवर जेमतेम ०.०२. वाऱ्यानं टारपोलिनची कड उडाली होती आणि कोवळं ऊन पूर्वेच्या बारवर सरळ पडत होतं. वरची बाजू तापली की लोखंडी बार मधोमध किंचित वर उचलला जातो, त्यावर बसवलेलं गेजही त्याच्याबरोबर वर जातं, आणि आकडा असा दिसतो की पाईल खाली गेला. आप्पांनी कड बांधली, बारवर ओलं पोतं टाकलं, आणि तासाभरात दोन्ही गेज मागे आले. महत्त्वाची गोष्ट पुढची. त्यांनी ते फुगलेलं रीडिंग खोडलं नाही. शेजारी वेळ टाकून ‘बारवर ऊन, झाकलं’ एवढं लिहिलं. अंतिम रिपोर्टच्या आलेखावर तो उंचवटा तसाच आहे आणि खाली टीप आहे. पाईलची टेस्ट कशी असावी असं कुणी मला विचारलं तर मी ते पान दाखवते.

दुसरा त्रास उसाचा. गळीत हंगाम चालू, आणि आमच्या साईटला लागून कारखान्याचा रस्ता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर जात. ट्रॅक्टर जवळ आला की गेजचे काटे थरथरायला लागत. यांनी पहिल्याच रात्री रस्त्याकडेला एक मुलगा टॉर्च देऊन उभा केला. तो इशारा करायचा, ट्रॅक्टर पुढं जाईपर्यंत रीडिंग थांबायचं, काटे स्थिर झाले की मग आकडा. ट्रॅक्टरवाल्यांनीही समजून घेतलं, काही जण तेवढ्या पट्ट्यात गाडी अगदी हळू काढायचे.

निकाल असा. ५७० टनांवर २४ तासांनंतर एकूण खचणं ५.२ मिमी. भार काढल्यावर पाईल ३.९ मिमी परत वर आला, कायमचं खचणं १.३ मिमी. एक मीटर व्यासाच्या पाईलला रूटीन टेस्टची मर्यादा १८ मिमी किंवा व्यासाच्या २ टक्के, यातली जी कमी ती. म्हणजे १८ मिमी. पास झाला हे उघड आहे. पण यांच्या इंजिनिअरनं मला सोबत बसवून आणखी एक हिशेब दाखवला. सगळाच भार टोकापर्यंत पोचला असं धरलं तर १९ मीटर लांबीच्या, एम ३५ काँक्रीटच्या त्या खांबाचं नुसतं दाबलं जाणंच साडेचार मिमीच्या आसपास येतं. आपल्याला ३.९ परत मिळाले. म्हणजे जे खचणं दिसलं त्यातलं बहुतेक काँक्रीटचं स्वतःचं दबणं आणि परत येणं आहे. सॉकेटच्या तळाशी गाळ राहिला असता तर कायमचं खचणं याहून कितीतरी मोठं आलं असतं. पाईल ओतण्याआधी तळ धुण्यावरून मी खोदाईच्या रिगवाल्यांशी रोज भांडत होते, त्या भांडणाचं चीज झालं.

याच एजन्सीकडून आम्ही सगळ्या पाईलची इंटेग्रिटी टेस्टही, म्हणजे पाईल अखंड आहे का ते पाहणारी टेस्ट, करून घेतली. पाईलच्या डोक्यावर ॲक्सेलरोमीटर चिकटवतात, हातोडीनं ठोका मारतात, लहर खाली जाऊन परत येते आणि मधे काही बदल असेल तर तो आलेखावर दिसतो. एका पाईलमध्ये ३.५ मिलिसेकंदांवर परतीची खूण आली. काँक्रीटमध्ये लहरीचा वेग सेकंदाला ४००० मीटर धरला तर जाऊन-येऊन १४ मीटर, म्हणजे खूण ७ मीटर खोलीची. साईटवर एकदम कुजबूज सुरू झाली, पाईल गेला म्हणून. यांनी घाई केली नाही. खुणेची दिशा पाहिली, ती छेद, म्हणजे पाईलची जाडी, वाढल्याची होती, कमी झाल्याची नव्हे. मग माझ्याकडून ओतण्याचं रजिस्टर मागितलं. त्या पाईलला हिशेबानं १५ घनमीटर काँक्रीट लागायला हवं होतं, आणि सहा-सहा घनमीटरचे तीन मिक्सर पूर्ण रिकामे झालेले. लायनर, म्हणजे खड्ड्याची भिंत धरणारा लोखंडी पाईप, संपला तो नेमका ७ मीटरवर. तिथं मातीची भिंत ढासळून पोकळी झाली आणि काँक्रीटनं ती भरून काढली, हे सरळ दिसत होतं. तरीही त्यांनी त्या पाईलवर हाय स्ट्रेन टेस्ट, म्हणजे जड हातोडा टाकून पाईल किती भार घेईल ते काढायची टेस्ट, करायचा आग्रह धरला. आठ टनांचा हातोडा आणला, पाईलवर स्ट्रेन गेज आणि ॲक्सेलरोमीटर बसवले, आणि निकाल शेजारच्या स्टॅटिक, म्हणजे केंटलेजच्या, टेस्टच्या पाईलशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले.

इथं एक सांगून ठेवते, कारण आमच्या क्षेत्रातले बरेच जण यात गल्लत करतात. हातोडीच्या ठोक्याची टेस्ट पाईल अखंड आहे का एवढंच सांगते, तो किती भार घेईल हे तिला कळत नाही. फार लांब आणि बारीक पाईलमध्ये, लांबी व्यासाच्या तीसपटीपलीकडे गेली की, खालची खूण नीट परतही येत नाही. इंटेग्रिटी झाली म्हणजे लोड टेस्ट वाचवता येते असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. यांनी आम्हाला तसं कधी सांगितलं नाही, उलट कोटेशनमध्येच ही मर्यादा लिहून दिली होती.

आता तक्रारी. सामान यायला ठरल्यापेक्षा आठवडाभर उशीर झाला आणि आमची क्रेन तेवढे दिवस भाड्यानं उभी राहिली. कारण सांगितलं की ब्लॉक दुसऱ्या साईटवर अडकले होते, पण ते त्यांनी आधी कळवायला हवं होतं. रिपोर्टला तर फारच वेळ लागला. पाईल कॅपचं, म्हणजे पाईलच्या डोक्यांवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं, काम त्या रिपोर्टवर अडलेलं, आणि फोन केला की ‘चेकिंगला आहे’ एवढंच उत्तर. हाताचे मूळ शीट आम्हाला रिपोर्टसोबत आपोआप मिळाले नाहीत, मागावे लागले. मागितल्यावर लगेच दिले, तरी ते न मागता जोडायला हवेत, कारण यांच्या कामाचा खरा पुरावा तिथंच आहे.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे ब्लॉक रचताना वरची पोरं हेल्मेटशिवाय चढत होती. मी दोनदा काम थांबवलं. खाली गेजपाशी बसणाऱ्यांची एवढी काळजी घेणाऱ्या लोकांनी वरच्यांकडे असं दुर्लक्ष करावं हे मला अजिबात पटलं नाही, आणि एक गुण मुख्यतः त्यासाठीच गेला. इंजिनिअरना सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट आले, पण सांगायला लागू नये.

दराबद्दल बोलायचं तर आम्हाला आलेल्या कोटेशनमध्ये यांचं सगळ्यात महाग नव्हतं, स्वस्तही नव्हतं. स्वस्त कोटेशनमध्ये रात्रपाळीची माणसं, लोड सेल आणि टेकूंखालची तयारी यांचा उल्लेख नव्हता, हे मी मालकांना ओळीवर बोट ठेवून दाखवलं.

यांना बोलवणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. ऑर्डरमध्येच लिहा की मूळ रीडिंग शीट आणि कॅलिब्रेशनचे दाखले रिपोर्टसोबत हवेत, आणि रिपोर्टची तारीख टाका. पाईल मोठे असतील, दीड मीटर व्यासाचे किंवा भर पात्रातले, तर एवढं वजन पाण्यात रचणं अवघड होतं. त्यासाठी यांच्याकडे पाईलच्या आत जॅक ठेवून वर आणि खाली दोन्हीकडे दाबायची सोय आहे, ओस्टरबर्ग सेलच्या पद्धतीची. पण तो सेल पाईलच्या सळ्यांच्या पिंजऱ्याला बांधूनच खाली सोडावा लागतो, तेव्हा ते पाईल ओतायच्या आधी ठरवा. आमच्या भाराला केंटलेजच परवडेल असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

आणि तारीख लवकर घ्या. पाऊस उघडला की सगळ्या नद्यांवरची कामं एकदम सुरू होतात, पाईलला २८ दिवस होईपर्यंत हे लोक टेस्ट घेत नाहीत, आणि ब्लॉक व क्रेन दिवाळीनंतर मिळत नाहीत. गणपती झाले की फोन करून ठेवा.